सख्ख्या बहिणी आहेत म्हणून सूर आपोआप जुळतो का? सिस्टर स्लेजच्या वाटचालीबद्दल थोडं सविस्तर

प्रश्न असा आला आहे: "माझ्या तीन मुली लहानपणापासून एकत्र गातात. आता त्यांना एका कार्यक्रमासाठी 'वी आर फॅमिली' बसवायला सांगितलंय. ते गाणारा सिस्टर स्लेज हा ग्रुप त्या एका गाण्यापुरताच होता का? सख्ख्या बहिणी असल्यामुळे त्यांचा आवाज इतका एकजीव लागतो का? आणि एवढं गाजूनही त्या पुढे दिसेनाशा का झाल्या?"

मी गेली ३३ वर्षं पुण्यात कोरसच्या रचना बांधतो आणि समूहाने गाणाऱ्यांना स्टुडिओत उभं करतो. भावंडांचे ग्रुप त्यात बरेच येऊन गेले. त्यामुळे तुमचा मधला प्रश्न मी आधी घेतो. त्याचं उत्तर नीट कळलं की उरलेल्या दोन्हींची उत्तरं त्यातूनच निघतात.

बहिणींचे आवाज जुळतात ते रक्तामुळे, असं सगळेच म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे. चेहऱ्याची ठेवण सारखी असली की आवाजाची जातही जवळची असते. पण कोरसमध्ये कानाला एकजीव लागतो तो मुख्यतः उच्चार. 'आ' किती उघडायचा, शब्दाच्या शेवटचा 'स' नेमका कधी सोडायचा, ओळीत श्वास कुठे घ्यायचा, या गोष्टी एका घरात वाढलेल्यांच्या न शिकवता सारख्या होतात. बाहेरच्या चार गायिकांना हे साधायला माझे दोन दिवस जातात.

याची दुसरी बाजू मात्र फारसं कुणी सांगत नाही. फार सारखे आवाज एकावर एक ठेवले की ते एकमेकांना झाकतात. काही वर्षांपूर्वी तीन बहिणींचा भजनांचा एक अल्बम आम्ही केला. हौसेने तिघींना एकाच माइकसमोर उभं केलं. ऐकलं तर एकाच बाईने दोनदा गायल्यासारखं वाटत होतं, तिसरी बहीण कुठे गेली ते कळेना. मधलीला खालच्या पट्टीतली वेगळी ओळ दिली तेव्हा कुठे तिघी ऐकू आल्या. आणखी एक गोष्ट त्या दिवशी लक्षात आली. थोरली प्रत्येक ओळीला केसभर आधी यायची आणि धाकट्या दोघी तिच्या श्वासाची वाट बघायच्या. घरी देवापुढे आरती तीच सुरू करते, हे नंतर कळलं. घरातला मान गाण्यातही ऐकू येतो. सिस्टर स्लेजकडे मी तेव्हापासून याच कानाने बघतो.

या चौघी फिलाडेल्फियाच्या. डेबी १९५४ ची, जोनी १९५६ ची, किम १९५७ ची आणि कॅथी १९५९ ची. वडील एडविन स्लेज ब्रॉडवेवर टॅप नाच करायचे, आई फ्लो अभिनेत्री. आईवडील वेगळे झाले आणि मुली आईजवळ वाढल्या. पण या ग्रुपच्या घडणीत सगळ्यात मोठा वाटा आजीचा. व्हायोला विल्यम्स या शिकलेल्या ऑपेरा गायिका होत्या. नातींना गाणं शिकवलं त्यांनी, चर्चमध्ये आणि समारंभांत उभं केलं तेही त्यांनीच. तेव्हा या मुलींना वेगळं नावसुद्धा नव्हतं. 'मिसेस विल्यम्स यांच्या नाती' अशीच त्यांची ओळख करून दिली जायची. आजी शिकवते, आई कार्यक्रम ठरवते आणि नाती चर्चमध्ये गातात, असं ते सगळं घरचंच काम होतं.

चर्चचं गाणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला समजायला अवघड नाही. कीर्तनात बुवा एक ओळ टाकतात आणि मागचे टाळकरी ती उचलतात. पोवाड्यात शाहीर पुढे जातो आणि झीलकरी झील धरतात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्येही एकीने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, अशीच बांधणी असते. या चौघींच्या अंगात ती लहानपणीच मुरली. त्यावर ऑपेरा शिकलेल्या आजीचा हात फिरलेला, म्हणजे श्वासाची तयारी आणि शब्दाची स्पष्टता आलीच. हे दोन्ही एकत्र मिळणं दुर्मीळ आहे. चर्चमध्ये आवाज मोकळा सोडायला शिकवतात आणि ऑपेराची तालीम तो धरून ठेवायला शिकवते. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यातल्या बहुतेकांकडे यातलं एकच असायचं.

त्यांची पहिली छोटी रेकॉर्ड निघाली १९७१ मध्ये. कॅथी तेव्हा १२ वर्षांची होती. १९७३ मध्ये त्या अटलांटिक रेकॉर्ड्सच्या अॅटको या शाखेत आल्या. त्याच वर्षीचं 'मामा नेव्हर टोल्ड मी' पुढे १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या विसात गेलं. दरम्यान सप्टेंबर १९७४ मध्ये झाईरची, म्हणजे आजच्या डी. आर. काँगोची, राजधानी किन्शासा इथे तीन दिवसांचा मोठा संगीतमहोत्सव झाला. मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्या मुष्टियुद्धाला जोडून तो ठरवला होता. फोरमनला सरावात डोळ्याजवळ जखम झाली आणि लढत ३० ऑक्टोबरवर गेली, पण महोत्सव ठरल्या वेळी पार पडला. जेम्स ब्राउन, बी. बी. किंग, बिल विदर्स, सेलिया क्रूझ यांच्याबरोबर त्याच मंचावर या चार मुली होत्या आणि कॅथी १५ वर्षांची होती. ज्यांना 'एका गाण्याचा ग्रुप' म्हणतात, त्या 'वी आर फॅमिली'च्या पाच वर्षं आधी आफ्रिकेतल्या अफाट गर्दीपुढे गाऊन आल्या होत्या.

तरीही अमेरिकेत नाव होत नव्हतं. पहिला अल्बम 'सर्कल ऑफ लव्ह' १९७५ मध्ये आला आणि फारसा चालला नाही.

इथे एक गोष्ट मनाला लागते. डिस्कोचा ठेका ज्या शहरांत घडला त्यातलं एक ठळक नाव म्हणजे यांचं स्वतःचं फिलाडेल्फिया. सिग्मा साउंड स्टुडिओ तिथलाच. केनी गॅम्बल आणि लिऑन हफ यांची रेकॉर्ड कंपनीही तिथलीच. अर्ल यंग नावाच्या ड्रमरने १९७३ मध्ये 'द लव्ह आय लॉस्ट' या गाण्यात चारही मात्रांवर सारखा बेस ड्रम आणि मध्ये उघडझाप करणारं हाय-हॅट, म्हणजे ड्रमसोबतची झांजांची जोडी, वाजवलं. पुढची सात-आठ वर्षं जग ज्या ठेक्यावर नाचलं, त्याचा उगम बहुतेक जाणकार त्या गाण्यात दाखवतात. घराशेजारी विहीर असून या मुलींना पाणी मिळालं ते दुसऱ्या गावात.

आधी त्यांना म्युनिकला पाठवलं. तिथले मिखाएल कुन्झे आणि सिल्व्हेस्टर लेव्हाय ही संगीतकारांची जोडी सिल्व्हर कन्व्हेन्शन या त्यांच्या ग्रुपमुळे जोरात होती. त्यांचं १९७५ चं 'फ्लाय, रॉबिन, फ्लाय' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं आणि त्या अख्ख्या गाण्यात शब्द सहाच. त्यांच्या पद्धतीत बायकांचे आवाज व्हायोलिनसारखे वापरायचे, पातळ, गुळगुळीत आणि ओळख नसलेले. १९७७ चा 'टुगेदर' हा अल्बम तिथे झाला. तो मी अनेकदा ऐकला आहे. गाणं नीटनेटकं आहे, पण गाणाऱ्या चौघी बहिणी आहेत की भाड्याने आणलेल्या चौघी, हे कळत नाही. आवाज एकमेकांना झाकतात म्हणून वर सांगितलं, त्याचं हे जिवंत उदाहरण.

आता १९७८. न्यूयॉर्कच्या चिक या बँडचे गिटारवादक नाइल रॉजर्स आणि बेसवादक बर्नार्ड एडवर्ड्स यांचं 'डान्स, डान्स, डान्स' अटलांटिकवर गाजलं होतं. कंपनीचे अध्यक्ष जेरी ग्रीनबर्ग त्यांना म्हणाले की आमच्याकडच्या कुणासाठीही संगीत करा. रोलिंग स्टोन्स आणि बेट मिडलर यांची नावंही पुढे आली. या दोघांनी नको म्हटलं. इतक्या मोठ्या नावांबरोबर केलेलं काम त्या नावांच्याच खात्यात जाईल आणि आपण काय केलं ते कुणाला कळणार नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यांना हवा होता गुण असलेला पण नाव नसलेला ग्रुप. ग्रीनबर्ग यांनी सिस्टर स्लेजचं वर्णन केलं: चार बहिणी, चर्चमध्ये वाढलेल्या, एकमेकींना धरून राहणाऱ्या. रॉजर्स यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे की त्या भेटीतलं वर्णन हेच गाण्याचं बीज ठरलं. चिकच्या बाहेरच्या कुणासाठी त्यांनी लिहिलेलं हे पहिलं गाणं. बहिणींची प्रत्यक्ष ओळख व्हायच्या आधीच तो मुखडा लिहिला गेला होता.

रेकॉर्डिंग मॅनहॅटनमधल्या पॉवर स्टेशन स्टुडिओत झालं. ड्रमवर टोनी थॉम्पसन. आमच्या धंद्यातल्या माणसाला या ट्रॅकमधून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. एडवर्ड्स यांचा बेस सरळ ठोकत नाही, तो स्वतंत्र चाल गातो. रॉजर्स यांचा उजवा हात सतत हलत असतो, पण डावा हात तारा अर्धवट दाबून बहुतेक स्वर बंद ठेवतो आणि मोजकेच उघडतो. त्यामुळे गिटार तबल्याच्या किनारीसारखी वाजते. मिनिटाला साधारण ११५ मात्रांची लय आहे, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाची. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मध्ये जागा सोडलेली आहे. म्युनिकमध्ये ती जागा व्हायोलिननी भरून टाकली असती.

मग त्या जागेत १९ वर्षांची कॅथी उभी राहिली. गाणं तिला आधी ऐकवलेलं नव्हतं. ती गात असतानाच पुढची ओळ कानात सांगायची, अशी या जोडीची रीत होती. कॅथीने अनेक मुलाखतींत सांगितलंय की ते मुख्य गाणं एका टेकमध्ये झालं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला पटलं नाही. आता पटतं, कारण आजीच्या तालमीचा उपयोग नेमका इथे झाला. चर्चमध्ये पुढचा जे म्हणेल ते त्याच क्षणी उचलून आपल्या गळ्यातून काढायचं, हे ती चालायला लागल्यापासून करत होती. तयारी इतकी होती की तालीम लागली नाही. तुम्ही गाण्याची आठ मिनिटांची मूळ आवृत्ती मिळवून ऐका, रेडिओवर वाजते ती कापलेली नव्हे. चार मिनिटांनंतर मागे मुखडा फिरत राहतो आणि कॅथी त्यावर उपज करत सुटते. कुठलीही जागा ती पुन्हा जशीच्या तशी घेत नाही. आपल्याकडे हे ऐकायची सवय आहे, त्यामुळे मराठी श्रोत्याला तो भाग लगेच भिडतो.

थोरल्या-धाकटीचा मुद्दाही इथेच येतो. त्या अल्बममधली चार गाणी अजून वाजतात: 'ही इज द ग्रेटेस्ट डान्सर', 'वी आर फॅमिली', 'लॉस्ट इन म्युझिक' आणि 'थिंकिंग ऑफ यू'. चारही ठिकाणी पुढे धाकटी आहे आणि झील धरणाऱ्यांत थोरल्या तिघी. घरातली उतरंड गाण्यात उलटी केलेली आहे. माझं मत असं की या ध्वनिमुद्रणाची ऊब तिथून येते. धाकटीला मोकळं सोडलंय आणि मागे तिला सांभाळणारे आवाज आहेत, हे शब्द न कळताही ऐकू येतं.

आता एक अशी गोष्ट सांगतो जी ऐकून माझ्या विद्यार्थ्यांना धक्का बसतो. 'आम्ही एक कुटुंब आहोत' असं म्हणणाऱ्या त्या अल्बमच्या कोरसमध्ये फक्त कुटुंबातले लोक नाहीत. चिकबरोबर नेहमी गाणारे अल्फा अँडरसन, ल्युथर व्हँड्रॉस हेही त्यात आहेत. हे व्हँड्रॉस म्हणजे पुढे स्वतः मोठे गायक झाले तेच. मी याला फसवणूक मानत नाही. चार जवळच्या आवाजांच्या आजूबाजूला वेगळ्या जातीचे आवाज ठेवले की चारही उठून दिसतात. मी भजनाच्या अल्बममध्ये मधलीला खाली उतरवून जे केलं, तेच त्यांनी माणसं वाढवून केलं. हे काम समजून करणाऱ्या माणसांच्या हाती बहिणी पहिल्यांदाच पडल्या होत्या.

पण याच खोलीत दुसरीही एक गोष्ट घडत होती. 'ग्रेटेस्ट डान्सर' हे गाणं मुळात चिकसाठी ठरलं होतं आणि चिकचं 'आय वॉन्ट युअर लव्ह' यांच्यासाठी. शेवटी अदलाबदल झाली. त्या गाण्यात नाचणाऱ्या पुरुषाला 'मला घरी घेऊन जा' असं सांगणारी ओळ आहे. चर्चमध्ये वाढलेल्या या मुलींना ती खटकली. ती बदला, असं त्यांनी सांगून पाहिलं. ओळ बदलली नाही. सूर त्यांचा होता, शब्दावर त्यांचा अधिकार नव्हता. रॉजर्स आणि एडवर्ड्स यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे आणि त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित मीही ओळ तशीच ठेवली असती. पण त्या खोलीत कुणाचं चालत होतं, हे त्या एका ओळीवरून कळतं.

अल्बम जानेवारी १९७९ मध्ये आला. अमेरिकेच्या अल्बमच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. 'ग्रेटेस्ट डान्सर' नवव्या आणि 'वी आर फॅमिली' दुसऱ्या क्रमांकावर पोचलं, आणि सोल संगीताच्या यादीत दोन्ही पहिली आली. त्याच वर्षी १२ जुलैला शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानात डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग स्फोटाने उडवून दिला गेला. प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. डिस्कोविरुद्धची ही चीड नुसती संगीतावरची नव्हती. ज्यांचं हे संगीत होतं ते कृष्णवर्णीय, लॅटिनो, समलिंगी लोक आणि बायका, त्यांच्यावरही तिचा रोख होता, असं तेव्हा नाचणारे अनेकजण सांगतात आणि मला ते पटतं. आणि तीनच महिन्यांनी, ऑक्टोबर १९७९ मध्ये, बेसबॉलच्याच वर्ल्ड सिरीजमध्ये पिट्सबर्ग पायरेट्स संघ 'वी आर फॅमिली' आपलं गाणं म्हणून घेऊन उतरला. त्यांचे ३९ वर्षांचे कर्णधार विली स्टार्जेल यांनी ते निवडलं होतं. बाल्टिमोर ओरिओल्सविरुद्ध ३–१ असे मागे पडूनही त्यांनी सलग तीन सामने जिंकले आणि मालिका घेतली. जुलैत एका बेसबॉलच्या मैदानात ज्या संगीताची होळी झाली, त्यातलंच एक गाणं ऑक्टोबरात दुसऱ्या मैदानात हजारो लोक उभं राहून म्हणत होते.

म्हणून 'दिसेनाशा का झाल्या' याचं उत्तर नुसतं 'डिस्को संपला' असं देऊन भागत नाही. गाणं कुठेच गेलं नाही. गाणाऱ्यांचं काय झालं ते बघू.

१९८० चा 'लव्ह समबडी टुडे' रॉजर्स-एडवर्ड्स यांचाच होता, पण तोवर ते दोघे बऱ्याच जणांसाठी काम करू लागले होते आणि अमेरिकन रेडिओने डिस्कोकडे पाठ फिरवली होती. १९८१ मध्ये 'ऑल अमेरिकन गर्ल्स'साठी निर्माते म्हणून नारद मायकेल वॉल्डन आले, हेच पुढे व्हिटनी ह्यूस्टन आणि अरीथा फ्रँकलिन यांच्याबरोबर गाजले. त्या अल्बमच्या शीर्षकगीताच्या लेखनात जोनीचाही हात आहे. १९८२ मध्ये 'द सिस्टर्स' हा अल्बम त्यांनी स्वतः केला. त्यातलं 'माय गाय' हे मेरी वेल्स यांचं जुनं गाणं अमेरिकेत बऱ्यापैकी चाललं. १९८३ मध्ये निर्माते होते जॉर्ज ड्यूक. दरवर्षी नवा माणूस, नवी घडण. यांतली काही गाणी मला आवडतात, पण सलग ऐकली की एक ग्रुप दरवर्षी नव्या शिंप्याकडे माप द्यायला जातो आहे असं वाटतं.

ब्रिटनमध्ये मात्र चित्र अगदी वेगळं होतं. तिथल्या क्लबमध्ये ही गाणी कधी थांबलीच नाहीत. 'थिंकिंग ऑफ यू' १९७९ च्या अल्बममधलं, पण तिथे ते १९८४ मध्ये ११ व्या क्रमांकावर आलं. त्याच वर्षी नव्याने मिक्स केलेलं 'लॉस्ट इन म्युझिक' चौथ्या क्रमांकावर गेलं. आणि १९८५ च्या उन्हाळ्यात नाइल रॉजर्स यांनीच केलेलं 'फ्रँकी' तिथे सलग चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. अमेरिकेच्या मुख्य यादीत ते पहिल्या पन्नासातही आलं नाही. म्हणजे ब्रिटनमधल्या माणसाला विचारलंत तर सिस्टर स्लेजचं पहिल्या क्रमांकाचं गाणं 'फ्रँकी', आणि अमेरिकेतल्या अनेकांनी ते ऐकलेलंही नाही. १९९३ मध्ये जुन्या गाण्यांची रीमिक्स पुन्हा तिथल्या यादीत चढली. एका गाण्याचा ग्रुप हे वर्णन त्यामुळे टिकत नाही. अमेरिकेपुरतंसुद्धा ते खरं नाही.

आता पैशाबद्दल. तुमच्या मुली पुढेमागे स्टुडिओत जाणार असतील तर हे तुम्हाला माहीत हवं. गाण्यातून दोन वेगळे प्रवाह वाहतात. एक गाणं लिहिणाऱ्याचा आणि संगीतकाराचा, दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, ज्यात गायकाला करारात असेल तेवढा वाटा मिळतो, तोही कंपनीचा खर्च वळता झाल्यावर. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, गाणाऱ्याला नाही. आजही तसंच आहे. 'वी आर फॅमिली' रॉजर्स आणि एडवर्ड्स यांनी लिहिलेलं आहे. रेडिओवर ते कितीदा वाजलं असेल त्याचा अंदाज करा आणि त्यातलं गाणाऱ्यांकडे काय आलं असेल त्याचाही. १९९८ मध्ये विल स्मिथ यांनी 'ग्रेटेस्ट डान्सर'चा तुकडा घेऊन केलेलं 'गेटिंग जिगी विट इट' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच्या लेखकांत रॉजर्स आणि एडवर्ड्स यांची नावं आहेत, बहिणींची असण्याचं कारणच नव्हतं. २०१२ मध्ये या बहिणींनी डिजिटल विक्रीच्या रॉयल्टीचा हिशेब चुकीच्या पद्धतीने लावला जातो, म्हणून वॉर्नर म्युझिकवर दावा लावला. डाउनलोडला विक्री धरायचं की परवाना, असा तो वाद होता, कारण परवान्यावर कलाकाराचा वाटा जास्त असतो. तो पुढे तडजोडीने मिटला.

आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांबरोबर गायकांच्या रॉयल्टीलाही कायद्याचा आधार दिला आणि २०१३ मध्ये गायकांच्या हक्कांसाठी इसरा ही संस्था उभी राहिली. तरी एकरकमी पाकीट घेऊन सगळे हक्क लिहून दिलेल्या मुली मी आजही बघतो. करारावर सही करायच्या आधी वकिलाला दाखवा, ही विनंती मी प्रत्येक पालकाला करतो.

कुटुंब आणि ग्रुप एकच असले की दुखणंही वेगळं असतं. १९८९ मध्ये कॅथी स्वतंत्र गायला बाहेर पडली, १९९२ मध्ये तिचा 'हार्ट' अल्बम आला. बाकी तिघी सिस्टर स्लेज म्हणून गात राहिल्या. इतर बँडमध्ये गायिका गेली की दुसरी आणतात. इथे गेलेली बहीण सणाला त्याच जेवणाच्या टेबलावर बसणार असते. त्या घरात काय झालं याबद्दल मी बोलणार नाही, तो त्यांचा प्रश्न. पण भावंडांच्या ग्रुपबरोबर काम करताना मला एक सवय लागली आहे. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगतो की ग्रुपचं नाव कुणाचं, पैसे कसे वाटायचे आणि एकीला बाहेर पडायचं असेल तर काय, हे आत्ताच, प्रेम शाबूत असताना, कागदावर लिहा. लोकांना ते अभद्र वाटतं. बारशाला मृत्युपत्र कशाला, असं एका आईने मला सुनावलं होतं. तीन वर्षांनी त्यांचाच फोन आला.

पुढचं थोडक्यात. ११ सप्टेंबर २००१ नंतर नाइल रॉजर्स यांनी शेकडो कलाकारांना घेऊन 'वी आर फॅमिली' पुन्हा रेकॉर्ड केलं आणि त्याच नावाची संस्था सुरू केली. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये पोप फ्रान्सिस फिलाडेल्फियात कुटुंबांच्या जागतिक मेळाव्यासाठी आले, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिन पार्कवेवर त्यांच्यासमोर सिस्टर स्लेज गायल्या. आजीने चर्चमध्ये उभं केलेल्या नाती आपल्याच गावात पोपसमोर. व्हायोलाबाईंना हे बघायला मिळायला हवं होतं. मार्च २०१७ मध्ये जोनी अॅरिझोनात वारली, ६० वर्षांची होती. त्याच वर्षीच्या यादीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 'वी आर फॅमिली'चं ध्वनिमुद्रण राष्ट्रीय ठेवा म्हणून जपण्यासाठी निवडलं. डेबी सिस्टर स्लेज म्हणून गात राहिली, सोबत तिची मुलगी कॅमिल. कॅथी स्वतःच्या नावाने कार्यक्रम करते. किमने धर्मोपदेशकाची दीक्षाही घेतली आहे.

आता तुमच्या मुलींकडे येतो. गाणं बसवण्याआधी त्यांना १९७३ चं 'मामा नेव्हर टोल्ड मी' ऐकवा, म्हणजे हिट होण्याच्या आधी या बहिणी कशा गात होत्या ते कळेल. मग 'थिंकिंग ऑफ यू', त्यात मागचे आवाज शब्द किती हलके सोडतात तेवढंच ऐका. आठ मिनिटांचं 'वी आर फॅमिली' शेवटी, हेडफोन लावून.

बसवताना तिघींना एकच सूर देऊ नका. मधलीला मुख्य ओळीच्या खालचा तिसरा स्वर द्या, थोरलीला सगळ्यात खालचा, आणि मुख्य गाणं धाकटीकडे सोपवा. ती नको म्हणेल, थोरली थोडी हिरमुसेल, दोन दिवस जाऊ द्या. मुखड्यातल्या शब्दांची शेवटची व्यंजनं फक्त एकीने स्पष्ट म्हणायची, बाकी दोघींनी ती गिळायची, नाहीतर प्रत्येक ओळीच्या शेवटी तीन ठिणग्या ऐकू येतील. ठेक्यासाठी कराओके ट्रॅक लावण्याआधी आठवडाभर नुसत्या टाळ्यांवर गाऊन बघा, टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपल्या अंगात समेवर टाळी द्यायची सवय मुरलेली असते, त्यामुळे इथे सगळ्यात जास्त वेळ जाईल आणि तो जाऊ द्यावा.

मग थोरल्या दोघींना धाकटीच्या हातभर मागे उभं करा, मोबाइल तिच्यासमोर ठेवा आणि रेकॉर्ड करा. ऐकताना डोळे मिटा. ओळीच्या आधी थोरलीचा श्वास ऐकू आला, तर पुन्हा पहिल्यापासून घ्या.